खाजणातला वर्ग : शाळेच्या निसर्गसहलीची आखणी

भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते आणि ओहोटीला जिथून मागे हटते, त्या खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला कोकणात खाजण म्हणतात. दिवसातून दोनदा ही जमीन पाण्याखाली जाते आणि दोनदा उघडी पडते. पाण्याकडच्या बाजूला मऊ चिखलाचे सपाट पट्टे, त्यामागे खारफुटीची झाडी, तिच्याही मागे कोरड्या जमिनीच्या कडेला मोरस, मारांडी यांसारख्या खारट मातीत वाढणाऱ्या वनस्पती आणि खारे गवत, असा खाजणाचा साधारण क्रम असतो. थंड हवामानाच्या देशांत खाऱ्या दलदलीत मुख्यतः गवत आणि लहान झुडपे वाढतात. आपल्याकडच्या उष्ण किनाऱ्यावर त्या पट्ट्यातली बरीचशी जागा खारफुटीने घेतली आहे. खारे गवत आणि मोरस तिच्या मागच्या बाजूला राहतात, कारण तिथे फक्त मोठ्या भरतीचे पाणी पोहोचते आणि ते उन्हाने आटून मातीत मीठ साचत जाते.

शाळेच्या सहलीसाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणे कठीण आहे. दोनशे मीटरच्या वाटेवर भूगोलातली भरती-ओहोटी, विज्ञानातले अनुकूलन, रसायनशास्त्रातले क्षार आणि मासेमारी व मिठागरांवर जगणाऱ्या माणसांचा इतिहास एकत्र भेटतो. महाराष्ट्राच्या सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. ती आकृती पुस्तकात समजून घेणे आणि डोळ्यांसमोर पाणी वितभर खाली उतरताना पाहणे यांत मोठा फरक आहे. मात्र खाजणाची सहल बाग किंवा किल्ल्याच्या सहलीसारखी आखता येत नाही. तिथले वेळापत्रक मुख्याध्यापक ठरवत नाहीत, चंद्र ठरवतो. हे लक्षात घेऊन आखणी केली तर एक सकाळ वर्षभराच्या अभ्यासाला पुरते. हे विसरले तर मुले भरतीच्या वेळी पोहोचतात, पाण्यात अर्धी बुडालेली झाडे पाहतात आणि डबा खाऊन परततात.

जागेची निवड

मुंबई आणि ठाणे परिसरातल्या शाळांना सर्वांत सोयीची जागा म्हणजे ठाणे खाडी. मुंबई बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या या खाडीचा १६.९० चौरस किलोमीटरचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर आणि बुलढाण्याचे लोणार यांच्यानंतर हा मान मिळवणारी ती राज्यातली तिसरी जागा. नवी मुंबईत ऐरोली येथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. प्रदर्शन, खारफुटीतून जाणारी निसर्गवाट आणि खाडीतली नौकाफेरी या तिन्ही गोष्टी तिथे एकाच आवारात मिळतात. पहिल्यांदा खाजण पाहणाऱ्या वर्गासाठी अशी मार्गदर्शक असलेली जागा उत्तम.

मुंबई शहरात माहीम आणि धारावीच्या सीमेवर, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकला जाई. त्या जागेवर झाडे लावून १९९४ साली उद्यान खुले झाले. खाजणाचा संपूर्ण पट्टा तिथे दिसत नाही, पण बिघडलेली जमीन पुन्हा हिरवी करता येते हे मुलांना दाखवण्यासाठी ही जागा योग्य आहे. दक्षिण कोकणातल्या शाळांना वेंगुर्ल्याची मांडवी खाडी जवळ पडते. तिथे स्थानिक महिलांच्या ‘स्वामिनी’ बचत गटाने खारफुटीतून नौकाफेरी सुरू केली. खाडीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या स्त्रियांच्या तोंडून झाडांची आणि माशांची माहिती मिळणे हा तिथला मोठा लाभ. गोव्यातल्या शाळांसाठी मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. रायबंदरहून फेरीबोटीने तिथे जाता येते. गोव्यात बांध घालून भरतीचे पाणी अडवलेली खाजण शेती आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस ही दारेही त्याच सहलीत दाखवता येतात.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. चिखलात न उतरता आत जाता येईल अशी बांधीव वाट, लाकडी पूल किंवा बांध आहे का? स्वच्छतागृह आणि सावली जवळ आहे का? चाकाची खुर्ची किंवा कुबड्या वापरणारे मूल वर्गात असेल, तर वाट पूर्ण सपाट आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर त्या मुलाला बसमध्ये बसवून ठेवू नये. सगळ्या वर्गासाठी दुसरी वाट शोधावी.

दिवस आणि वेळ : पाऊणकीचा हिशेब

खाजणाच्या सहलीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय तारखेचा असतो. सप्टेंबरअखेरपर्यंत पावसामुळे वाटा निसरड्या असतात आणि खाडीचे पाणी गढूळ असते. ऑक्टोबरात ऊन तापते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. याच दिवसांत उत्तरेकडून आलेले पाणपक्षी खाडीत असतात आणि कच्छच्या रणाकडून येणारे रोहितही मोठ्या संख्येने दिसतात. रोहित मे महिन्यापर्यंत राहतात, पण एप्रिल-मे मधली दमट उष्णता लहान मुलांना सोसत नाही.

महिना ठरल्यावर तिथी पाहावी. कोकणातले मच्छीमार भरतीची वेळ काढण्यासाठी जो हिशेब करतात, तो मुलांना शिकवण्यासारखा आहे. पक्षातली तिथी पाऊणने गुणली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ तासांत मिळते. पूर्वी शाळेत पाठ करून घेतली जाणारी पाऊणकी इथे उपयोगी पडते. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि तेवढ्याच अवधीने पुन्हा भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीची वेळही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणकीचा हिशेब रोज पंचेचाळीस मिनिटे धरतो. मच्छीमाराला एवढी अचूकता पुरते.

चिखलावरचे खेकडे, निवट्या आणि शंख पाहायचे असतील तर सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान ओहोटी येणारा दिवस निवडावा. हिशेब केला तर असे दिवस शुक्ल किंवा कृष्ण पक्षाच्या चतुर्थी ते षष्ठीला येतात. ऊन चढायच्या आत मुले वाटेवर असतात आणि पाणी परतण्याआधी बाहेर पडतात. नौकेतून पक्षी पाहायचे असतील तर मात्र होडी चालण्याइतके पाणी हवे. मग एकादशी-द्वादशीच्या आसपासचा दिवस बरा पडतो, कारण त्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमारास भरती असते. नौकाफेरी आधी करावी. पाणी उतरू लागले की कडेचा चिखल उघडा पडत जातो, पक्षी खाण्यासाठी तिथे उतरतात आणि ते पाहून मग वाटेवर चालायला जावे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती होते. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ काटकोनात असते, म्हणून पाणी कमी चढते आणि कमीच उतरते. हा भांगाचा काळ. त्या दिवशी चिखलाचा पट्टा अरुंद दिसतो. पाऊणकीने तारीख निवडल्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ती ताडून पाहावी. हे तक्ते ठरावीक बंदरांचे असतात. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे ऐरोली-ठाण्याकडची भरती मुंबईच्या अपोलो बंदरापेक्षा उशिरा येते. नेमकी वेळ तिथल्या कर्मचाऱ्यांना किंवा मच्छीमारांना विचारून घ्यावी.

परवानग्या आणि पूर्वपाहणी

अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते. मार्गदर्शक आणि नौका यांची नोंदणी आधी करावी लागते. मोठ्या गटांना ऐनवेळी जागा मिळत नाही, म्हणून महिनाभर आधी पत्र द्यावे. सहलीबाबत शिक्षण विभागाचे नियम असतात. त्यानुसार शाळेची मंजुरी, प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र आणि मुलांच्या आजारांची नोंद तयार ठेवावी. दमा, मधमाशी किंवा कीटकांच्या चाव्याची ॲलर्जी, फिट येणे यांची माहिती सोबतच्या प्रत्येक शिक्षकाकडे असावी. संमतिपत्रात नुसते ‘सहल’ असे न लिहिता मुले कुठे जाणार, चिखलाच्या कडेला काय करणार आणि नौकेत बसणार का, हे स्पष्ट लिहावे. म्हणजे पालकांची संमती पूर्ण माहितीवर आधारलेली असते.

निदान दोन शिक्षकांनी सहलीच्या दिवशीच्या भरतीसारखीच भरती असलेल्या एखाद्या दिवशी जागा पाहून यावी. वाट किती लांब आहे, मुले थांबतील अशा रुंद जागा कुठे आहेत, कुठे कठडा नाही, सावली कोणत्या वेळी कोणत्या बाजूला पडते, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, बस कुठे उभी राहील आणि मोबाइलला रेंज आहे का, हे सगळे वहीत टिपावे. याच पाहणीत प्रत्येक थांब्यावर मुलांना काय दाखवायचे हे ठरते. त्यामुळे सहलीच्या दिवशी शिक्षक घाईत माहिती सांगत न बसता मुलांसोबत पाहू शकतात.

गट, कपडे आणि साहित्य

चाळीस मुलांचा वर्ग एकत्र वाटेवर गेला तर पुढची दहा मुलेच काही पाहतात. मागच्यांना पाठीवरची दप्तरे तेवढी दिसतात. म्हणून आठ-दहा मुलांचा एक गट आणि प्रत्येक गटाला एक मोठे माणूस अशी विभागणी करावी. गट वेगवेगळ्या थांब्यांवर सुरुवात करतात आणि ठरलेल्या वेळी जागा बदलतात. गर्दी होत नाही आणि पक्षीही बिचकत नाहीत. प्रत्येक गटात एक मूल नोंदी करणारे, एक वेळ पाहणारे, एक साहित्य सांभाळणारे आणि एक कचरा गोळा करणारे असावे. थांबा बदलला की कामेही बदलावीत.

मुलांनी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि लांब पँट घालावी, कारण खारफुटीत डास असतात. मातकट, हिरव्या किंवा खाकी रंगाचे कपडे पक्ष्यांना कमी खुपतात. चप्पल किंवा सँडल न घालता चिखलात घसरणार नाहीत असे बूट घालावेत. टोपी, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल आणि डबा एवढे मुलांकडे असावे. पेनची शाई ओलसर हवेत पसरते, पेन्सिल टिकते. शाळेने दोन-तीन भिंगे, एक-दोन दुर्बिणी, थर्मामीटर, आम्लतेची कसोटी करणारे कागद, मोजपट्टी आणि झाकणाच्या लहान बाटल्या न्याव्यात. मीटरभर लांबीच्या चार काठ्यांना दोरा बांधून केलेली चौकट मोजणीच्या कामात फार उपयोगी पडते. प्रथमोपचाराची पेटी प्रत्येक गटाबरोबर असावी, फक्त बसमध्ये ठेवून भागत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनातला खाऊ घरीच ठेवावा. शेंगदाण्याची चिक्की, पोळीचा लाडू, केळी हा खाऊ पुरेसा पोटभरीचा असतो आणि मागे कचरा उरत नाही.

वाटेवरचे पाच थांबे

पहिला थांबा जमिनीकडच्या कडेला घ्यावा. इथे मोरस दिसते. तिची पाने मांसल, लांबट आणि पाण्याने भरलेली असतात. मीठ आत घेऊन ते पाण्यात पातळ करून ठेवणे ही तिची युक्ती. किनाऱ्यावरच्या आगरी आणि कोळी घरांत मोरसची भाजी होते आणि तिला वेगळे मीठ घालावे लागत नाही. शेजारी काटेरी पानांची आणि निळसर-जांभळ्या फुलांची मारांडी असते. इथली माती हातात घेऊन, वास घेऊन आणि भिंगातून पाहून तिचे वर्णन लिहायला सांगावे. कोरड्या दिवसांत मातीवर मिठाचे पांढरे कण चमकताना दिसतात.

दुसरा थांबा पानांसाठी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खारफुटीच्या सुमारे वीस जाती आढळतात. ठाणे खाडीत तिवर सर्वाधिक आहे, कारण जास्त क्षार आणि प्रदूषण दोन्ही ते सहन करते. तिवराच्या पानावरच्या ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. कोरड्या हवेत भिंगातून पाहिल्यास पानाच्या पृष्ठभागावर स्फटिक स्पष्ट दिसतात. पान चाखून पाहण्याचा मोह मुलांना होतो. शहरी खाडीत तो आवरावा, कारण पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. कांदळ दुसरा मार्ग धरते. त्याची मुळे पाणी शोषतानाच बहुतेक मीठ बाहेर अडवतात. मुंबईजवळ कांदळ तुरळक आहे, पण सिंधुदुर्गातल्या खाड्यांत ते भरपूर दिसते. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. तिची गोलसर जाड पाने मुलांना सहज ओळखता येतात.

तिसरा थांबा मुळांसाठी. खाजणाच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. चिखल ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवताना हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा तो वास. अशा चिखलात मुळे गुदमरू नयेत म्हणून तिवराची मुळे पेन्सिलीएवढी जाड टोके जमिनीच्या वर काढून हवा घेतात. एका मोठ्या तिवराभोवती अशी हजारो श्वसनमुळे असतात. चिप्पीची मुळे जाड आणि शंकूसारखी असतात. कांदळाची मुळे खोडातून कमानीसारखी बाहेर येऊन झाडाला आधार देतात. वाटेच्या कडेला, वाट न सोडता, एक चौरस मीटरची चौकट ठेवून आतली श्वसनमुळे मोजावीत. चार गटांचे आकडे एकत्र केले की सरासरी काढता येते आणि गणिताच्या तासाला खरा विषय मिळतो. कांदळाच्या झाडावर लोंबणारी लांब हिरवी रोपेही इथेच दाखवावीत. बी झाडावरच रुजते आणि तयार रोप चिखलात पडून वाढू लागते.

चौथा थांबा चिखलाच्या कडेला. इथे पाच मिनिटे पूर्ण शांत बसावे, बोलू नये, हलू नये. पावलांच्या आवाजाने बिळात गेलेले प्राणी हळूहळू बाहेर येतात. ज्या खेकड्याच्या नराची एक नांगी शरीराच्या मानाने प्रचंड मोठी असते, तो ती हलवून माद्यांना बोलावतो आणि इतर नरांना हटवतो. निवटी हा मासा ओल्या कातडीतून आणि घशातल्या ओलाव्यातून हवा घेतो आणि परांच्या जोरावर चिखलावर सरकत चालतो. पाच मिनिटांत किती प्राणी दिसले आणि काय करत होते, एवढेच लिहायचे. नावे माहीत नसली तरी चालतात. वर्णन नेमके असावे. चिंबोरी, कोळंबी, बोय आणि जिताडा यांच्या पिलांना याच खाजणात आसरा आणि अन्न मिळते. बाजारात दिसणाऱ्या कितीतरी माशांचे बालपण इथे जाते, हे सांगण्याची ही योग्य जागा.

पाचवा थांबा पक्ष्यांसाठी. ठाणे खाडीत रोहिताच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उंच आणि फिकट असतो. तो पाण्यातले बारीक कवचधारी प्राणी आणि कीटक गाळून खातो. लहान रोहित अधिक गुलाबी असतो आणि मुख्यतः सूक्ष्म निळी-हिरवी शेवाळे खातो. शेवाळातल्या आणि बारीक प्राण्यांतल्या रंगद्रव्यांमुळेच त्यांच्या पिसांना गुलाबी रंग येतो. पिले करड्या रंगाची असतात. रोहितांशिवाय शेकाट्या, तुतारी, काळ्या डोक्याचा शराटी, चित्रबलाक, वंचक, राखी बगळा आणि खंड्या नेहमी दिसतात. मुलांनी चोची पाहाव्यात. लहान चोचीचा पक्षी वरवरचे टिपतो, लांब चोचीचा खोल चिखलातले शोधतो. त्यामुळे एकाच चिखलात इतके पक्षी एकमेकांचे अन्न न हिरावता जगतात.

वर्गाप्रमाणे काम बदलावे. तिसरी-चौथीच्या मुलांना पाहणे, ऐकणे, वास घेणे आणि चित्र काढणे पुरते. सहावी ते आठवीच्या मुलांनी मोजणी करावी आणि जमिनीकडून पाण्याकडे जाताना वनस्पती कशा बदलतात याचा आडवा नकाशा काढावा. नववी-दहावीच्या मुलांनी पाण्याचे तापमान, आम्लता आणि क्षार मोजावेत, तसेच जवळची वस्ती, रस्ते, भराव आणि कचरा यांची नोंद घ्यावी.

खाजणातली माणसे

खाजण ही मोकळी पडलेली जमीन आहे असा समज मुलांच्या मनात राहू नये. कोळी बांधव इथे जाळी टाकतात, चिंबोऱ्या आणि खुबे गोळा करतात. आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी मिठागरे चालवली. भरतीचे पाणी बांधाच्या आत घ्यायचे, मोठ्या साठवणीतून उथळ वाफ्यांत टप्प्याटप्प्याने आटवायचे आणि शेवटच्या वाफ्यात मीठ गोळा करायचे, हे काम पावसाळा सोडून चालते. मुंबईत भांडुप-मुलुंडकडे आणि रायगडात उरण भागात अशी मिठागरे होती आणि काही अजून आहेत. भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली गेला की पक्षी मिठागरांत विसावा घेतात. गावातल्या एखाद्या जाणत्या कोळी किंवा आगरी स्त्री-पुरुषाला सहलीत बोलावून तासभर बोलायला सांगावे आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. झाडांची, माशांची आणि वाऱ्याची त्यांची नावे मुलांनी वहीत लिहून घ्यावीत.

सुरक्षितता

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रकिनारी सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. किनाऱ्यावरची कोणतीही सहल आखताना ही घटना शिक्षकांच्या मनात असावी. खाजणात लाटा नसतात, पण पाणी आवाज न करता चढते आणि चिखलात माणूस कमरेपर्यंत रुततो. म्हणून मुलांनी बांधीव वाट सोडून चिखलात पाऊल टाकू नये, हा नियम कोणत्याही सबबीवर मोडू देऊ नये. ओहोटी संपून पाणी वाटेच्या दिशेने चढू लागले की परतीची शिट्टी वाजवावी, मग एखादा थांबा राहिला तरी चालेल. नौकेत बसताना प्रत्येकाच्या अंगावर नीट बांधलेले जीवरक्षक जाकीट असावे. नौकेत उभे राहणे, एका बाजूला गर्दी करणे टाळावे.

झाडांपैकी हुरा, ज्याला गेवा असेही म्हणतात, त्याच्या पांढऱ्या चिकापासून सावध राहावे. तो डोळ्यात गेला तर तीव्र आग होते आणि काही काळ दिसेनासे होऊ शकते. त्यामुळे कोणतीही फांदी मोडू नये आणि चिक लागल्यास डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे न्यावे. बिळात हात घालू नये, कारण तिथे खेकडा किंवा साप असू शकतो. दर अर्ध्या तासाला पाणी प्यायला लावावे. प्रत्येक थांबा सोडताना मुले मोजावीत आणि सर्वांत मागे नेहमी एक शिक्षक असावा.

वागण्याचे नियम

रोहितांच्या थव्याकडे दगड भिरकावला किंवा टाळी वाजवली की शेकडो पक्षी एकदम उडतात आणि ते दृश्य सुंदर दिसते. पण ओहोटीचे मोजके तास हीच त्यांची खाण्याची वेळ असते. एकदा उडवले की तेवढे खाणे बुडते आणि उडण्यात ताकद खर्च होते. हे कारण समजले की मुले स्वतःच एकमेकांना थांबवतात. मोठ्याने बोलणे, संगीत लावणे, पाने-फुले तोडणे, शंख पिशवीत भरणे टाळावे. अभयारण्यातल्या प्राण्यांना आणि वनस्पतींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. खारफुटी तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली आणि त्यानंतर २०१२ साली राज्यात कांदळवन कक्ष स्थापन झाला, ही माहिती मोठ्या मुलांना आवर्जून द्यावी. नागरिकांच्या याचिकेतून न्यायालयाचा हा निर्णय आला, हे त्यांना कळले पाहिजे.

नमुना वेळापत्रक

पंचमीचा दिवस, सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी आणि तासाभराच्या अंतरावरची शाळा असे गृहीत धरले तर आखणी अशी होते. सकाळी पावणेसातला शाळेत हजेरी आणि नियमांची उजळणी, सातला प्रस्थान. आठ ते पावणेनऊ स्वच्छतागृह, न्याहारी आणि प्रदर्शन. पावणेनऊ ते अकरा पाच थांबे, प्रत्येकी सुमारे पंचवीस मिनिटे, त्यात एका थांब्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा वेळही आला. अकरा ते बारा सावलीत जाणत्या पाहुण्यांशी गप्पा आणि डबा. बारा ते साडेबारा नोंदी पूर्ण करणे आणि कचरा तपासणे. साडेबाराला परतीचा प्रवास. पाच थांबे जास्त वाटले तर तीनच घ्यावेत. घाईने पाहिलेल्या पाच गोष्टींपेक्षा नीट पाहिलेल्या तीन गोष्टी मुलांच्या लक्षात राहतात.

सहलीआधी आणि सहलीनंतर

सहलीच्या आधीच्या आठवड्यात दोन तास पुरतात. पहिल्या तासाला नकाशावर खाडी शोधावी आणि मुलांनी स्वतः पाऊणकीने त्या दिवसाची भरती काढावी. दुसऱ्या तासाला झाडे आणि पक्ष्यांची दहा चित्रे दाखवावीत आणि प्रत्येक मुलाने सहलीत उत्तर शोधायचा एक प्रश्न लिहावा. प्रश्न मुलांचा असला की उत्तर शोधण्याची ओढही त्यांचीच असते.

परतल्यावर दोन दिवसांच्या आत वर्ग घ्यावा, आठवणी ताज्या असतात. शिक्षकांनी बाटलीत आणलेले २०० मिलिलिटर खाडीचे पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात आटवावे आणि उरलेल्या मिठाचे वजन करावे. खुल्या समुद्राच्या तेवढ्याच पाण्यात सुमारे सात ग्रॅम क्षार असतात. खाडीत नदीचे पाणी मिसळत असल्याने आकडा कमी येतो आणि पावसाळ्यानंतर लगेच घेतलेल्या पाण्यात आणखी कमी. मुलांना मिठागराचे तत्त्व समजते आणि खाडी म्हणजे गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा संगम, हे मोजून कळते. गटांच्या नोंदी एकत्र करून वर्गाच्या भिंतीवर खाजणाचा आडवा छेद काढावा. जमिनीकडून पाण्यापर्यंत कोणती झाडे, कोणते प्राणी, किती श्वसनमुळे, हे सगळे त्यावर मांडावे. चिखलात प्राणवायू नसल्याने पाने पूर्ण कुजत नाहीत आणि त्यातला कार्बन शतकानुशतके जमिनीत राहतो, ही माहिती त्या छेदात दाखवली की हवामानबदलाचा धडा ओळखीचा वाटू लागतो. २०२१ च्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालानुसार महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर खारफुटी होती. त्या आकड्यामागे नेमके काय आहे, हे त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

या नोंदी फेकून देऊ नयेत. तारीख, तिथी, भरतीची वेळ, थांब्यांची जागा, पक्ष्यांची आणि श्वसनमुळांची मोजणी एका वहीत लिहून ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच पक्षात, त्याच तिथीला, त्याच चौकटीत नव्या वर्गाने मोजावे. तीन-चार वर्षांत शाळेकडे खाडीच्या एका तुकड्याची स्वतःची नोंद तयार होते. झाडी वाढली की घटली, कचरा वाढला की कमी झाला, रोहित लवकर आले की उशिरा, या प्रश्नांची उत्तरे मुलांना ऐकीव माहितीतून द्यावी लागत नाहीत. ती नोंद कांदळवन कक्षाला किंवा स्थानिक पक्षीनिरीक्षकांना दाखवता येते. खाडीकाठी भराव टाकण्याचा किंवा खारफुटी तोडण्याचा प्रश्न उभा राहिला, तर गावातल्या आणि शहरातल्या मोठ्या माणसांनाही त्या वहीचा आधार घेता येतो.